टिळकांचे घर आणि टिळकांचा देव

नागपूरहून रायपूरकडे येणाऱ्या गाडीत राजनांदगाव आले की आमच्यासारखा मराठी प्रवासी सामानाची आवराआवर करू लागतो. पुढे दुर्ग, मग रायपूर. वळकटी बांधायला एवढा अवकाश पुरतो. बदलीच्या हुकमाने ह्या मार्गाशी आमचा संबंध जडला, त्याला आता बरीच वर्षे झाली. परंतु फलाटावरचा चहा घ्यावा की नको, ह्यापलीकडे त्या गावाचा विचार करण्याचे आम्हांस कारण पडले नव्हते. आणि मराठी कवितेतील एक मोठे स्थित्यंतर तर ह्याच मार्गावरच्या एका डब्यात सुरू झाले! नारायण वामन टिळक नागपूरचे बिऱ्हाड मोडून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला, बोलण्यातून बोलणे निघाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला म्हणतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

रायपुरात 'टिळक' म्हटले की लोकांना लोकमान्यच आठवावेत, हे साहजिक आहे. 'गीतारहस्या'चा हिंदी अवतार ज्यांच्या लेखणीतून उतरला ते माधवराव सप्रे ह्याच भागात वावरले. रेव्हरंड टिळकांची आठवण येथे कोणी काढीत नाही. ती आमच्या मंडळाच्या वाचनालयात निघाली, आणि तीही जरा विपरीत रीतीने. एका स्नेह्यांनी 'स्मृतिचित्रे' परत करताना शेरा मारला : "कवी म्हणून असतील थोर; पण बाप म्हणून ह्या गृहस्थांना आम्ही दहापैकी तीनच गुण देऊ." सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो शेरा मनातून जाईना. कारण त्यात तथ्य आहे, आणि तरीही तो चुकला आहे, असे आम्हांस वाटत राहिले. नेमका कोठे चुकला, हे पाहण्यासाठी 'अभंगांजली' आणि 'स्मृतिचित्रे' ही दोन पुस्तके आम्ही शेजारी ठेवून पुन्हा वाचली.

ख्रिस्ती धर्मातला 'फादर' मराठी वाचकाला ओळखीचा आहे. तो झग्यातला, अविवाहित आणि विद्वान असतो. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापणारे फादर स्टीफन्स हे त्याचे आद्य रूप. त्यांच्या ओवीचे माधुर्य आम्ही मान्य करतो. परंतु त्या ओवीला घर नाही, घरी वाट पाहणारे कोणी नाही. टिळक हे त्या अर्थाने फादर नव्हेत. ते बाप होते. त्यांना बायको होती, मुले होती, भाड्याचे घर होते, वाण्याचे देणे होते. धर्म बदलण्याचा निर्णय त्यांनी एकट्याने घेतला आणि तो निभावावा लागला सर्व घराला. ह्यांच्या आधी बाबा पदमनजींनी 'अरुणोदया'त स्वतःच्या धर्मांतराची हकीकत लिहिलीच होती. पण तेथे सारा भर आतल्या उजेडावर आहे. घर हे जेथून निघावयाचे ते ठिकाण. टिळकांच्या बाबतीत घर हे परत येण्याचे ठिकाण ठरले, आणि त्यामुळे सगळा प्रश्नच निराळा झाला.

प्रथम कवितेकडे वळू. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा आहे, म्हणूनच थोडा अपुरा आहे. संसार हा आधुनिक मराठी कवितेचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट ज्या मोजक्या कवींनी रूढ केली त्यांत टिळक पुढे होते. 'माझी भार्या', 'बापाचे अश्रू' ही नुसती शीर्षके पाहिली तरी हे ध्यानात येईल. बापाने रडावे आणि ते कवितेत लिहावे, हे त्या काळी धाष्टर्यच होते. मात्र ह्या कवितांतील घर फार नीटनेटके आहे, हेही सांगितले पाहिजे. तेथे चूल पेटली आहे, मन शांत आहे, प्रेमाला कशाची अडचण नाही. कवी उपदेशाच्या भरात आला की घरातली माणसे पुसट होतात आणि सद्गुण तेवढे उरतात. टिळकांच्या कवितेचा हा दोष लपविण्यात अर्थ नाही. प्रचारासाठी केलेल्या त्यांच्या कित्येक पदांत तो ढळढळीत दिसतो.

'अभंगांजली' ही त्याहून वेगळ्या तोलाची रचना. आमच्या मते तिच्यातील सर्वांत मोठी गोष्ट छंद नव्हे. तुकोबांचा अभंग ख्रिस्ताकडे वळविला ह्याचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे. आम्हांस नवल वाटते ते एका संबोधनाचे. ज्या धर्मात देवाला 'आकाशातील बाप' म्हणून हाक मारतात, त्या धर्मात शिरून टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात, गुरुमाउली म्हणतात. बाप हा शब्द त्यांना वर्ज्य आहे असे नव्हे. पण जीव कळवळला की ओठांवर येते ती आई. ज्ञानोबा माउली, विठाई माउली हा वारकऱ्यांचा संस्कार येथे आहेच. पण नुसता संस्कार म्हणून भागत नाही. टिळकांचे वडील अत्यंत तापट आणि कठोर. आई सात्त्विक, तीही त्यांच्या लहानपणीच गेली. ज्याला बाप म्हणजे धाक एवढेच ठाऊक, त्याला देवाची ओढ आईच्या रूपाने लागावी, हे मनाच्या रीतीला धरूनच झाले. आणि अशा माणसावर पुढे स्वतः बाप होण्याची पाळी येते! बाप कसा असावा ह्याचा नमुना त्याच्यापाशी नव्हता, आई कशी असावी ह्याची आठवण मात्र होती. 'स्मृतिचित्रे' वाचताना आम्ही हे सूत्र हातात धरले, आणि पुष्कळशा गोष्टी उलगडू लागल्या.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत बाहेर पडले. लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारीत वारल्या. शेवटचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त ह्यांनी पुरा केला. ह्या पुस्तकाची दोन प्रकारची वाचने रूढ आहेत. एक विनोदाचे : विक्षिप्त कवी आणि त्याची हजरजबाबी बायको. दुसरे धार्मिक : अंधारातून प्रकाशाकडे. दोन्ही वाचने पुस्तकाला लहान करतात. आमच्या समजुतीप्रमाणे हे पुस्तक म्हणजे पुरुषांच्या श्रद्धेचा घराला काय खर्च पडतो, त्याचा एका बाईने ठेवलेला हिशेब आहे. पुस्तक उघडते तेच मुळी दुसऱ्या एका श्रद्धावान बापापाशी. लक्ष्मीबाईंचे वडील गोखले. सत्तावन्नच्या धामधुमीत जवळच्या आप्ताला फाशी झाली, तेव्हापासून त्यांना सोवळ्याने झपाटले. बाजारातून आलेला जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुतल्यावाचून घरात येत नसे. धर्म बापाचा, आणि धुणे घरातल्या बायकामुलांचे! हे सारे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, त्यामुळे वाचकही हसतो आणि पुढे जातो. पण मीठ धुतले की ते विरते, हे त्या घरातल्या मुलांना केव्हाच कळले असेल.

म्हणजे लक्ष्मीबाई माहेरी एका बापाच्या देवासाठी राबल्या, आणि सासरी नवऱ्याच्या देवासाठी. नवऱ्याच्या बाबतीत हिशेब अधिकच मोठा. राजनांदगावनंतर काही काळाने टिळक ख्रिस्ती झाले ते तिला पूर्वकल्पना न देता. (राजनांदगाव संस्थान मूळ बैरागी महंतांचे, गादी गुरूकडून शिष्याकडे जावयाची, पुढे ते महंत संसारी झाले आणि ती मुलाकडे जाऊ लागली. श्रद्धा आणि संसार ह्यांचा मेळ घालणाऱ्या त्या गावी टिळकांनी बायबल वाचावे, हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो. ह्याच गावी १९५८ नंतर गजानन माधव मुक्तिबोध महाविद्यालयात शिकवीत होते. घरात मराठी, कविता हिंदीत. पण तो विषय निराळा.) नवरा जिवंत असून नसल्यासारखा; मांडीवर लहानगा दत्तू; पंढरपुरास नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस; लोकांची कीव आणि लोकांचे टोमणे. ही पाने वाचताना आमच्या स्नेह्यांचे तीन गुणसुद्धा जास्त वाटतात, हे आम्ही कबूल करतो.

परंतु गुण देण्याची घाई करणाऱ्याने पुढची पाने वाचावीत. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या, त्या हिंदू राहूनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. ज्याने देवासाठी जात सोडली, त्याच्याच आश्रयाखाली त्याची बायको वेगळी चूल मांडते, सोवळ्यात स्वयंपाक करते, त्याच्या शिवाशिवीचा विटाळ मानते. आणि तो माणूस ते सोसतो, इतकेच नव्हे तर तिची ती व्यवस्था नीट चालावी म्हणून झटतो. मराठी वाङ्मयात धर्मसहिष्णुतेवर निबंध पुष्कळ आहेत; पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती कशी दिसते, हे पाहावयाचे असेल तर ही पाने वाचावीत. बाहेर व्यासपीठावर टिळक प्रवचने करीत होते, जातिभेदावर तुटून पडत होते. घरात मात्र ते वाट पाहत राहिले. पुढे एके दिवशी जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना आपल्या आपणच उमगले. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. तो टिळकांचा विजय होता असे लक्ष्मीबाई कोठेही लिहीत नाहीत. त्यांच्या लेखी तो त्यांचा स्वतःचा शोध होता, आणि नवऱ्याने तो त्यांचा राहू दिला. येथे आम्हांस अभंगातली माउली आठवते. धाकाचा बाप टिळकांनी आपल्या घरात होऊ दिला नाही. निदान धर्माच्या बाबतीत तरी.

पैशाच्या बाबतीत त्यांची बाजू सावरणे आम्हांस जमणार नाही. हाती आलेली रक्कम घरापर्यंत पोचेलच ह्याची खात्री नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की संपले. रागावले की न सांगता घर सोडून जावयाचे, ही आणखी एक तऱ्हा. छप्पनच्या दुष्काळात अनाथ मुले घरात आली, पुढे बालकवी ठोमरे घरचेच झाले. दार सदा उघडे. औदार्य टिळकांचे, आणि पोळ्या लक्ष्मीबाईंच्या. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' भरविला. निवृत्तिवेतनाचे महिने बोटांवर मोजणाऱ्या आम्हां नोकरदारांच्या अंगावर हे वाचताना शहारा येतो, आणि स्नेह्यांच्या शेऱ्याचे मूळ येथेच असावे, असा आमचा तर्क आहे. आपण त्या बापाला तपासतो ते महिन्याच्या एक तारखेच्या हिशेबाने. मग त्याच हिशेबाने आपणही तपासले जाऊ. बदलीच्या गावी मुलांच्या तीन शाळा बदलवणारे आणि पत्नीला दर चार वर्षांनी नवे शेजार जोडावयास लावणारे आपण, कोणत्या देवासाठी हे करतो? टिळकांनी निदान देवाचे नाव तरी सांगितले होते.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अर्धेही झाले नव्हते. लग्नाच्या वेळी जिला अक्षरओळख नव्हती आणि जिला त्यांनीच वाचावयास शिकविले, त्या लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय रचले. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. काव्य म्हणून त्या अध्यायांना आम्ही 'स्मृतिचित्रां'च्या पंक्तीला बसविणार नाही. तेथे लक्ष्मीबाईंचे गद्यच श्रेष्ठ. पण जिच्यावर एका माणसाची श्रद्धा इतकी वर्षे ओझे होऊन बसली, ती बाई त्याच्यामागे ते ओझे स्वतःहून उचलते, ह्याला हिशेबाच्या वहीत कोणता रकाना आहे? लेखकाने कितीही युक्तिवाद केला तरी ह्याहून मोठी साक्ष तो आणू शकत नाही. स्टीफन्सच्या पुराणाला अशी साक्ष असणे शक्यच नव्हते.

ज्यांना पुस्तक घ्यावयाचे असेल त्यांनी संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये. नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी संपादिलेली संपूर्ण आवृत्ती मिळवावी. हिंदी-इंग्रजी शाळांत वाढलेल्या आपल्या मुलांसाठी शांता गोखले ह्यांचे २०१७ चे इंग्रजी भाषांतर आहे. आमच्या घरी ते आणले होते. कन्येने चार दिवसांत संपविले. पत्नीला पंढरपूरचा भाग वाचवेना. कन्येला तो वाचवला, पण पुस्तक मिटल्यावर तिने विचारले, "बाबा, दत्तूला कोणी विचारले होते का?"

आम्ही पुस्तक पुन्हा चाळले. दत्तूचे उत्तर त्यात कोठे सापडले नाही. सापडले ते एवढेच, की आईला लिहावयास बसविणारा, तिचे पुस्तक पुरे करून छापणारा दत्तूच होता. कन्येला हे सांगितले. ती म्हणाली, "हे उत्तर नाही." मंडळाच्या पुढच्या बैठकीला ती येणार आहे, स्नेह्यांनी गुणपत्रिका घेऊन यावे.