दुष्काळ, रान आणि ‘बनगरवाडी’

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मराठी समीक्षेने प्रामुख्याने दोन अंगांनी वाचली आहे : प्रादेशिक कादंबरी म्हणून आणि व्यक्तिचित्रांची सलग मालिका म्हणून. दोन्ही वाचनांत अखेरच्या दुष्काळाला नियतीचे स्थान प्राप्त होते. पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, गाव ओस पडते. मानवी धडपडीवर निसर्ग मात करतो आणि कादंबरीला शोकात्म परिमाण लाभते. हा निष्कर्ष चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. दुष्काळ नियतीच्या खाती जमा केला की जमीन, चारा, पाणी आणि श्रम यांच्या व्यवस्थेविषयी कादंबरी जे सांगते ते वाचकाच्या दृष्टीआड होते.

या अपुरेपणाचे मूळ ‘निसर्ग’ या संज्ञेत आहे. बालकवींपासून रूढ झालेल्या आपल्या रसिकतेत निसर्ग हा पाहण्याचा, भावावस्थेला प्रतिसाद देणारा विषय ठरला. ग्रामीण साहित्याच्या चर्चेतही तो ‘पार्श्वभूमी’ किंवा ‘वातावरण’ म्हणूनच शिल्लक राहिला. माणदेशी बोलीतला ‘रान’ हा शब्द मात्र ही विभागणी मानत नाही. रान म्हणजे माळ आणि झाडी. त्याचप्रमाणे रान म्हणजे नांगरलेले शेतही. माणसाचा हात न लागलेली भूमी आणि माणसाच्या कष्टाची भूमी यांना येथे एकच नाव आहे. ‘अस्पर्श अरण्य’ या कल्पनेभोवती वाढलेली पाश्चात्त्य पर्यावरणवादी समीक्षा जशीच्या तशी उचलून येथे लावली, तर हाती फारसे काही लागणार नाही, ते यामुळेच.

रानाच्या या अर्थाने पाहिले असता कादंबरीतील मध्यवर्ती ताण वेगळा दिसू लागतो. अपुऱ्या आणि बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशात कळप हलता ठेवणे ही धनगरांची केवळ परंपरा नव्हे. विरळ चारा संपू न देता वापरण्याची ती रीत आहे. शाळेला नेमके याच्या उलट हवे असते. मुलांनी एका जागी, ठरल्या वेळी बसावे, ही तिची पहिली अट. मुलांना मेंढरांमागून शाळेकडे वळवताना मास्तरला पडणारे सायास हे अज्ञान आणि ज्ञान यांचे द्वंद्व म्हणून वाचले जातात. वस्तुतः ते फिरते जीवन आणि स्थिर संस्था यांचे द्वंद्व आहे. गावाने श्रमाने उभारलेली तालीमही स्थैर्याचीच खूण होय. दुष्काळ येतो तेव्हा मागे राहतात त्या या वास्तू. माणसे निघून जातात.

तथापि फिरस्तीचे उदात्तीकरण करून भागणार नाही. हंगामी स्थलांतर आणि शेवटचे ‘जगायला जाणे’ यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात परतीची वाट गृहीत असते. दुसऱ्यात कळपच उरत नाही. शिवाय टंचाई केवळ पावसाची नाही. एका बैलाच्या जोडीला शेकूची बायको स्वतःला औताला जुंपून घेते, तो प्रसंग स्त्रीच्या जिद्दीचे चित्र म्हणून वाखाणला जातो. पण त्या दिवशी आभाळ दोषी नाही. दोष आहे तो बैल कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, या वाटणीचा. आणि तिची किंमत बाईच्या देहाने मोजली जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. मर्ढेकरांनी आग्रहाने मांडलेली साहित्यकृतीची स्वायत्तता स्वीकारणारा समीक्षक म्हणेल की हे कादंबरीचे वाचन नसून तिच्याकडून घेतलेली साक्ष आहे. आक्षेप गंभीर आहे. उत्तर असे, की वरील ताण कादंबरीच्या रचनेतच आहे. निवेदक बाहेरून आलेला, पगारी नोकर आहे. मेंढरे मेली तरी त्याची उपजीविका संपत नाही. त्याला दुष्काळ आपत्ती म्हणून दिसतो. चाऱ्यापाण्याच्या हिशेबाची आतली बाजू त्याच्या निवेदनात तुटकपणेच येते. ही मर्यादा लेखकाची उणीव नव्हे. निवेदनदृष्टीचा तो परिणाम आहे. ती लक्षात न घेता ‘नियती’ हा शब्द वापरणारा समीक्षक नकळत मास्तरच्या जागी जाऊन बसतो.

या प्रदेशाचा पुढील इतिहासही ही जागा बदलायला लावतो. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर ऐंशीच्या दशकात लोकांनी बळिराजा धरण उभारले. नदीतील वाळूवर ठेकेदाराचा नव्हे, गावाचा हक्क आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा, ही त्यामागील भूमिका होती. माडगूळकरांचे माडगूळ ज्या आटपाडी तालुक्यात आहे, तेथे नव्वदीच्या दशकापासून समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली. दुष्काळ ही केवळ पर्जन्याची नव्हे, वाटपाचीही घटना आहे, असे या लोकांनी कृतीने मांडले.

या चळवळींचे उत्तर १९५५ च्या कादंबरीत शोधणे अनैतिहासिक ठरेल. ‘शाश्वत विकास’ हा शब्द तिच्यावर लादणे तर ‘नियती’ लादण्याइतकेच सोपे आणि तितकेच निरुपयोगी. कादंबरी उत्तर देत नाही. ती ओस पडलेले गाव आपल्यासमोर ठेवते. ते गाव कोणत्या पावसाने रिकामे केले आणि कोणत्या वाटणीने, हा प्रश्न मात्र आता समीक्षेला टाळता येणार नाही.