श्यामची दुसरी उडी

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर मराठीत इतके लिहिले गेले आहे, की त्यात भर घालणाऱ्याने आधी आपले प्रयोजन सांगावे हे बरे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक कोणी मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून वाचतात, कोणी संस्कारांचा पाठ म्हणून. तर कोणी त्यातील अश्रूंचा पूर पाहून नाक मुरडतात. आम्ही ते येथे निराळ्याच कामासाठी हाती घेत आहो. बाराव्या रात्रीची 'श्यामचे पोहणे' ही कथा बालकाच्या भयाचे आणि त्यावरील उपायाचे चित्र म्हणून कितपत खरी उतरते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो पिंपरी-चिंचवडच्या परिसरात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; पुढे आकुर्डी, भोसरी करीत कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. मराठवाड्यातून, बिहारातून आलेली बिऱ्हाडे येथे भाड्याच्या एका खोलीत संसार मांडतात. बाप रात्रपाळीहून परततो तेव्हा मूल शाळेस निघालेले असते. अशा घरातील एखाद्या मुलाच्या पोटात दर सोमवारी दुखू लागते. डॉक्टरास काही सापडत नाही. मूल घरी राहते आणि दुपारपर्यंत बरे होते. मंगळवारी मात्र दुखणे दुपटीने उठते. शाळा त्यास नखरे म्हणते, शेजारी दृष्ट म्हणतात. भय असे कोणीच म्हणत नाही.

शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. निर्देश स्तुत्य खरा. परंतु इतकी माणसे तयार कोण करणार आणि त्यांस शिकवावयाचे काय? मानसशास्त्राचे अभ्यासक आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात स्थापिलेल्या आणि पुढे निगडीतही शाळा उभारलेल्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था या वाटेने पूर्वीच चालू लागल्या आहेत. तथापि गरज अफाट आहे. समुपदेशन शिकणाऱ्या काही विद्यार्थिनींसमवेत आम्ही ही कथा वाचली, तेव्हा दोन तट पडले. एक म्हणाला, ही आई क्रूर आहे. दुसरा म्हणाला, हाच तर शास्त्रशुद्ध उपाय. आमच्या मते दोघांनीही कथा अर्धीच वाचली.

कथा सर्वांस ठाऊक आहे. गावची मुले विहिरीत उड्या घेतात. श्याम मात्र पाण्यास भिऊन माळ्यावर दडून बसतो. आई त्यास शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीकडे पिटाळते. तेथे त्यास पाण्यात ढकलून देतात. तो घाबरतो, ओरडतो, पण बुडत नाही. आणि मग पुन्हा तो आपण होऊन उडी घेतो. घरी आल्यावर आई त्याच्या अंगावरचे वळ पाहते, आणि तिचेही डोळे भरून येतात.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. भय टाळल्याने वाढते, हे त्याचे पहिले सूत्र. पळून जाणाऱ्यास तत्काळ सुटका मिळते, आणि ती सुटकाच पुढच्या पळण्यास खतपाणी घालते. म्हणून अमेरिकेतील टेंपल विद्यापीठाचे फिलिप केंडॉल यांनी मुलांसाठी जी पद्धती सिद्ध केली, तिचा कणा आहे भयाशी पायरीपायरीने सामना. प्रथम शाळेच्या फाटकापर्यंत, मग वर्गाच्या दारापर्यंत, मग एक तास बाकावर. आणि प्रत्येक पायरी मुलाच्या संमतीने. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ७ ते १७ वर्षांची ४८८ मुले होती. बारा आठवड्यांअंती अशा उपचाराने शेकडा सुमारे ६० मुले पुष्कळ सुधारली. नुसत्या नकली गोळीने सुधारली ती सुमारे २४.

या कसोटीवर श्यामच्या आईचे निदान अचूक ठरते. माळ्यावर दडू दिले तर भय तेथेच वाढेल, हे त्या माउलीस कोणत्याही ग्रंथावाचून कळले होते. चूक आहे ती पायऱ्यांची. माळा आणि विहीर यांच्यामध्ये तिने एकही पायरी ठेवली नाही. काठावर बसणे, पाण्यात पाय सोडणे, कोणाचा हात धरून उतरणे, हे सारे शिंपटीने गिळले. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई केली आहे. तेव्हा शिंपटी तर गेलीच. परंतु तिच्याहून बोचरी अशी एक गोष्ट या कथेत आहे, ती म्हणजे लाज. पोरगा भित्रा ठरेल, लोक हसतील, हे शल्य आईच्या मनात आहे, आणि गुरुजींची लेखणी येथे आईहून वेगळी होत नाही. भय हा त्यांस स्वभावाचा डाग वाटतो. आमच्या परिसरातील मूल आपल्या बोलीमुळे, कपड्यांमुळे, घरामुळे आधीच लाजलेले असते. त्याच्या भयावर आणखी लाज लादणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणे होय.

मग या कथेत टिकाऊ काय? आमच्या मते, दुसरी उडी. पहिली उडी श्यामची नव्हतीच. ती इतरांच्या हातांची होती. दुसरी त्याची स्वतःची. गुरुजींनी तिच्यावर आणखी रेंगाळावयास हवे होते, अशी आमची तक्रार आहे. मूल बरे होते ते तेथे. वळ आणि अश्रू यांच्या गर्दीत तो क्षण झाकून जातो.

आणि आईचे भरून आलेले डोळे? टीकाकार त्यांस भावविवशता म्हणतात. आम्ही त्यांत प्रशिक्षणाचा मुख्य धडा पाहतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शाळांतील समुपदेशकांस ही पद्धती शिकवून पाहिली, तेव्हा तिचे फळ शाळेतील नेहमीच्या मदतीहून एकंदरीत सरस ठरले नाही. पद्धती खोटी होती असे आम्हांस वाटत नाही. मुलाशी गोड बोलणे, त्यास दीर्घ श्वास शिकविणे सोपे. त्याचे काळीज धडधडत असता त्याच्या शेजारी उभे राहून 'आणखी एक पायरी' म्हणणे कठीण. पुष्कळ उपचारक नेमके हेच टाळतात, कारण मुलाचे रडणे त्यांस सोसवत नाही. म्हणजे माळ्यावर उपचारकही दडलेला असतो! श्यामच्या आईस ते रडणे सोसत नव्हते, तरी ती मागे हटली नाही. हेच तिचे मोठेपण, आणि मारल्यावाचून तिला ते साधले नाही, हीच तिची मर्यादा.

तेव्हा समुपदेशक घडविणाऱ्यांस आमची सूचना एवढीच, की त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांस केवळ तक्ते आणि प्रश्नावल्या देऊन पाठवू नये. प्रत्यक्ष मुलाबरोबर, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, अनेक वेळा त्यांस काठावर उभे करावे. स्वतःचे भय ओळखावयास लावावे. आणि वाचनात ही कथा ठेवावी. ती आदर्श म्हणून वाचू नये, आणि तिचा धिक्कारही करू नये. शिंपटी टाकून, लाज टाकून, आईचा तो निश्चय आणि ते भिजलेले डोळे मात्र उचलता आले, तर सोमवारी पोट धरून बसलेले ते मूल एखाद्या दिवशी आपण होऊन फाटक ओलांडील.