गाळलेल्या ओळी

१२ नोव्हेंबर २०२३ हा रविवार माझ्या चांगलाच लक्षात राहिला आहे. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. आगाशीच्या बाजारात झेंडू, बत्तासे आणि पणत्या यांची दाटी होती. आणि सकाळी आमच्या देवळात (आम्ही वसईकडची ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणतो) जे शुभवर्तमान वाचले गेले, तेही दिव्यांचेच होते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली दहा मुलींची गोष्ट. नवरदेवाला सामोऱ्या जाण्यासाठी दहाजणी दिवे घेऊन निघतात. पाचजणी जास्तीचे तेल बरोबर घेतात, पाचजणी घेत नाहीत. नवरदेवाला उशीर होतो, सगळ्यांनाच डुलकी लागते आणि ऐन मध्यरात्री हाक येते. विझू लागलेल्या दिव्यांच्या पाचजणी तेल मागतात. शहाण्या पाचजणी त्यांना दुकानाची वाट दाखवितात. त्या तेल घेऊन येतात तो दार बंद झालेले असते.

हा योग कोणी मुद्दाम जुळवून आणलेला नव्हता. लक्ष्मीपूजन अमावास्येच्या हिशेबाने आले होते, आणि वाचन जगभरच्या कॅथलिक देवळांत त्या रविवारी ठरलेलेच होते. ज्यांना या वाचनांची माहिती नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. दर रविवारी मिस्सेत तीन वाचने होतात: पहिले बहुधा जुन्या करारातले, दुसरे प्रेषितांच्या पत्रांतले, आणि तिसरे शुभवर्तमानातले, पहिल्या दोहोंच्या मध्ये एक स्तोत्र. शुभवर्तमानांचा फेरा तीन वर्षांचा. एक वर्ष मत्तयाचे, दुसरे मार्कचे, तिसरे लूकचे. योहान मुख्यतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात भेटतो. ज्या सनाला तीनने निःशेष भाग जातो ते लूकचे वर्ष, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मात्र हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाबरोबर, त्याचा पाडवा असतो.

ही व्यवस्था फार जुनी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, लोकभाषांना देवळाचे दार उघडले, आणि १९६९च्या आगमनकाळापासून नवा वाचनक्रम आला. त्यापूर्वी एकाच वर्षाचा फेरा होता, रविवारी जुना करार जवळजवळ कानी पडत नसे, आणि मिस्सेची भाषा लॅटिन. माझ्या आईने आयुष्याची पहिली चाळीसेक वर्षे ती लॅटिन ऐकली. भक्तीत उणे काही नव्हते. पण समोर काय वाचले जात आहे हे तिला ठाऊक नव्हते. मराठी मातीत ख्रिस्तकथा मराठीत ऐकविण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही ओवीत. आणि पुढे मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतून ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. म्हणजे आम्हाला पोथी मिळाली होती. रविवारच्या वेदीपाशी ती पोहोचायला साडेतीनशे वर्षे लागली, इतकेच.

मराठी वाचने सुरू होऊन थोडीच वर्षे झाली असतील. दहा मुलींची गोष्ट ऐकून आई घरी आली, चुलीपाशी बसली आणि मला म्हणाली, "अरे, त्या पोरींनी तेल का नाही दिलं? एका दिव्यात दोघी चालल्या असत्या की!" मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. मोठ्या ऐटीत तिला समजावून सांगितले, की तेल म्हणजे श्रद्धा, पूर्वतयारी. ती एकाची दुसऱ्याला उसनी देता येत नाही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तसं असेल. पण गोष्टीत तेलच आहे ना?"

या उत्तराचे मोल मला पुष्कळ उशिरा कळले. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर ती सांगत होती, की रूपकाचा अर्थ हाती लागला म्हणून गोष्टीतली वस्तू फेकून देता येत नाही. शेजारणीला वाटीभर तेल नाकारणे हा आमच्या आळीत अपराध होता. आणि दिवाळीत तर एका पणतीवर दुसरी पणती लावतात, तिने पहिलीचा उजेड कमी होत नाही. ऐकणाऱ्याला ही गोष्ट टोचावी, अशीच ती रचलेली आहे. तिच्यातले शहाणपण प्रेमळ नाही. पुष्कळशी प्रवचने हा काटा आधी काढून टाकतात आणि मग गोष्ट हातात देतात. त्यामुळे ती गुळगुळीत होते आणि विसरली जाते. आईच्या मनात मात्र ती कायम राहिली, कारण तिने काटा काढला नव्हता.

आता भाषेकडे वळू. या मुलींना मराठीत 'कुमारी' म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द चूक नाही. पण त्याला शाळेच्या हजेरीपटाचा वास येतो. नवरदेवाची वाट पाहत नटूनथटून ताटकळणाऱ्या मुलींना आपल्याकडे खरा शब्द आहे तो 'करवल्या'. अनुवादकाने तो टाळला असेल, तर त्याचेही कारण मी समजू शकतो. करवली नात्यातली असते, मानाची असते. तिला दाराबाहेर ठेवण्याची छाती कोणाची होणार? पण त्यामुळेच तो शब्द वापरून पाहावासा वाटतो. करवल्यांच्या तोंडावर दार बंद झाले, असे म्हटले की लग्नघरातला प्रत्येक मराठी माणूस दचकेल. कुमारींवर बंद झाले तर तो शांतपणे पुढची ओळ ऐकेल. दिव्यांचेही तसेच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मशाल असाही होतो. मशाल म्हटली की रात्र, वारा आणि वरात डोळ्यांपुढे येते; नुसता दिवा म्हटला की देवघराचा कोनाडा.

असल्या शब्दांसाठी ज्यांनी जन्म वेचला त्यांच्याविषयी मला आदर आहे. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या, त्या हे काम पुरे करूनच. आमच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिले. हरित वसईसाठी झगडलेले आणि २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले ते हेच. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. त्यांच्या मराठीत वाक्य बोलल्यासारखे येते आणि वाचणाऱ्याचा श्वास अडत नाही. वाचक म्हणून वेदीजवळ उभे राहणाऱ्याला या गुणाची किंमत कळते.

मी असा वाचक पुष्कळ वर्षे आहे, आणि माझी खरी तक्रार भाषेशी नाही. ती निवडीशी आहे. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा एकही ओवी गाळीत नाही. कंटाळा आला, अर्थ लागला नाही, तरी ओवी म्हणावी लागते. रविवारच्या वाचनात मात्र उतारे निवडलेले असतात, आणि उताऱ्याच्या आतूनही ओळी वगळलेल्या असतात. निवड हीसुद्धा एक टीकाच असते. फरक एवढाच, की टीकाकार आपले मत सांगतो आणि निवड करणारा ते न सांगता लागू करतो.

२०२३च्या त्या दिवाळीनंतरच्या रविवारी पहिले वाचन माझ्याकडे होते. नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय, कर्तबगार गृहिणीचे वर्णन. मूळ इब्रीत ही बावीस श्लोकांची कविता आहे आणि प्रत्येक श्लोक वर्णमालेतल्या पुढच्या पुढच्या अक्षराने सुरू होतो; जणू या बाईचे गुण सांगायला सगळी बाराखडी लागली. रविवारच्या वाचनात त्यांतले आठ श्लोक येतात. नवऱ्याचा तिच्यावर विश्वास, तिची लोकर आणि चाती, गरिबांसाठी उघडा हात, देवाचे भय आणि शेवटी वेशीवर तिचा गौरव. चौदा गळतात. त्या चौदांत काय आहे? ती व्यापाऱ्याच्या जहाजासारखी दुरून अन्न आणते. रात्र सरण्यापूर्वी उठते. शेत पाहते, पारखते आणि विकत घेते. स्वतःच्या कमाईतून मळा लावते. माल खपतो की नाही हे ती जाणते. येणाऱ्या दिवसांना ती हसते. तिच्या जिभेवर शहाणपण असते.

मी वाचायला उभा राहिलो आणि मला आई दिसू लागली. पहाटेच्या अंधारात केळी आणि भाजी टोपलीत रचून ती विरारची गाडी गाठीत असे. पाऊस सरला की राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, त्यांची सुकेळी करायची आणि तीही विकायची. आज घरामागे जो वाडीचा तुकडा आहे तो तिने त्या पैशांतून घेतला. वडिलांची सही कागदावर आहे, पैसे टोपलीतले आहेत. ती आता नाही. तिच्या दफनाच्या दिवशी तिच्या सोशिकपणाचे पुष्कळ कौतुक झाले. वाडीचा उल्लेख कोणी केला नाही, मीसुद्धा नाही. आणि इथे, तीन हजार मैलांवरच्या कोणा जुन्या कवीने तिच्या वाडीचा श्लोक लिहून ठेवला होता, तो माझ्या हातातल्या पानावर नव्हता. शेवटच्या ओळीत तिच्या हातांच्या कामाचे श्रेय तिला द्या, असे मी मोठ्याने वाचले. पण ते काम कोणते, ते माझ्या वाचनात आलेच नव्हते.

घरी येऊन पूर्ण अध्याय उघडला. गाळलेल्या श्लोकांत आणखी एक सापडला: रात्री तिचा दिवा विझत नाही, अशा अर्थाचा. आदल्या रविवारी पाच मुलींचे दिवे विझत चाललेले आम्ही ऐकले होते. त्याला जोड म्हणून बायबलाने स्वतःच ठेवलेला न विझणारा दिवा दुसऱ्या रविवारी आमच्यापर्यंत पोहोचला नाही.

हे एकच उदाहरण असते तर मी मनावर घेतले नसते. पण लूकच्या वर्षी जुलैत, अब्राहाम तीन अनोळखी पाहुण्यांना तंबूपाशी जेवू घालतो तो सुंदर उतारा वाचला जातो. म्हाताऱ्या सारेला मुलगा होईल, असे वचन मिळते आणि वाचन तेथेच थांबते. दोनच श्लोक पुढे, दाराआड उभी राहून ऐकणारी सारा मनातल्या मनात हसते. त्या हसण्यावरूनच पुढे मुलाचे नाव इसहाक पडते. आडोशाला उभे राहून पाहुण्यांचे बोलणे ऐकणारी आणि पदराआड हसणारी ही बाई आपल्या घरांतली आहे. रविवारी ती भेटत नाही. आठवड्यातल्या एका दिवशीच्या वाचनात ते हसू आहे. पण त्या दिवशी देवळात किती माणसे असतात?

न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. मिस्सेला वेळेची मर्यादा आहे. तान्ही मुले रडतात, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात. शिवाय हा क्रम आपल्याला नको असलेलेही वाचायला लावतो, हा त्याचा मोठा गुण आहे. आमचे देऊळ सेंट जेम्सचे, म्हणजे संत याकोबाचे. (बायबलात याकोब पुष्कळ आहेत, पत्र लिहिणारा तो कोणता, या वादात मी शिरत नाही.) मार्कच्या वर्षी पाच रविवार याकोबाचे पत्र वाचतात. २९ सप्टेंबर २०२४ला त्यातला शेवटचा भाग आला: शेत कापणाऱ्या मजुरांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. भाताची कापणी तोंडावर आली होती. आमच्या बाकांवर वाड्या असलेली माणसे होती, वाड्या विकलेली होती, आणि मी होतो. कोणी खोकले नाही. धर्मगुरूंना स्वतःहून हा विषय काढणे अवघड गेले असते. क्रमाने तो काढला, आणि तेथे एकही ओळ गाळलेली नव्हती. मजुरांच्या बाबतीत जे धैर्य दाखविले ते बायकांच्या बाबतीतही दाखवावे, एवढेच माझे म्हणणे.

तोवर मी माझ्यापुरता एक नेम केला आहे. रविवारी दुपारी जेवणे झाली की सकाळच्या उताऱ्याचा पूर्ण अध्याय घरात मोठ्याने वाचायचा. नातवंडे पहिल्यांदा कुरकुरली. परवा लक्ष्मीपूजनाच्या फराळाचे ताट शेजारून आले तेव्हा धाकटी नात दहा मुलींची गोष्ट ऐकत होती. ताट आणणाऱ्या वहिनीही घटकाभर दारात थांबून ऐकत राहिल्या. गोष्ट संपली, दार बंद झाले, आणि नातीने विचारले, "आजोबा, त्यांनी तेल का नाही दिलं?"

या वेळी मी काही समजावून सांगितले नाही. म्हटले, "तुझ्या पणजीलाही तेच कळलं नव्हतं." आणि तिला नीतिसूत्रांचा तो अध्याय काढून दिला, सगळा, बावीस श्लोकांचा.