यंत्राचे प्रशिक्षण झाले, धड्याचे केव्हा?

नवी मुंबईतील एका शाळेत शिक्षकांच्या तंत्रज्ञान-प्रशिक्षणाला हजर राहण्याचा योग आम्हाला आला. डिजिटल फळा सुरू कसा करायचा, त्यावर चित्र कसे आणायचे, प्रश्नमंजूषा कशी तयार करायची, हे सारे दिवसभरात नीट दाखवले गेले. शेवटी भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले, ''भरती-ओहोटी शिकवताना मी याचा उपयोग कसा करू?'' उत्तर मिळाले, ''त्यावर चांगला व्हिडिओ आहे, तो लावा.'' खाडी त्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती.

त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता, आणि त्याला मिळाला अर्धा मिनिट. यात त्या प्रशिक्षकाचा दोष आम्ही मानत नाही. दोष आहे तो प्रशिक्षणाच्या मांडणीत, आणि तो जुना आहे.

१९८४ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. तेव्हापासून आपल्याकडील क्रम ठरून गेला: आधी यंत्र, मग यंत्राची ओळख, आणि विषयाचा विचार सवडीने. महाराष्ट्रात २००१ नंतर एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला. शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणे शिक्षकांनाही संगणकज्ञानाची अट लागू झाली आणि ती वेतनवाढीशी जोडली गेली. या अभ्यासक्रमाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. कळफलकाला हात लावायला बिचकणारे असंख्य शिक्षक त्यामुळे धीट झाले. मात्र तो सर्वसामान्य नागरिकासाठी आखलेला होता. त्यात शिकलेले कोष्टक-पत्रक, म्हणजे एक्सेल, शाळेत गुणपत्रके आणि अहवाल भरण्याच्या कामी आले. ते वर्गात क्वचितच पोचले.

वर्गात पोचले असते तर काय घडले असते? भरती-ओहोटीचेच उदाहरण घेऊ. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना आडाखा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. याच हिशेबाने पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा येतात. आता दुसरी बाजू पाहू. एका पंधरवड्यात भरतीची वेळ एकूण १२ तासांनी पुढे सरकते. १२ तास म्हणजे ७२० मिनिटे. ती १५ तिथींत वाटली तर प्रत्येक तिथीला सरासरी ४८ मिनिटे येतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तेव्हा आडाखा दर तिथीला सरासरी ३ मिनिटांनी मागे राहतो, आणि पौर्णिमेपर्यंत हा फरक ४५ मिनिटांचा होतो. मुंबईच्या भरतीच्या छापील वेळा महिनाभर पत्रकात भरून त्यांचा आलेख काढला, की आडाखा कुठे जुळतो आणि कुठे चुकतो हे सातवीच्या मुलांनाही दिसेल. वेळ रोज सारख्याच मिनिटांनी पुढे जात नाही, हेही त्यांच्या लक्षात येईल. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला उंचीचा फरक त्याच आलेखात उतरेल. मग मुले आपणहून विचारतील, की मुंबई बंदराची वेळ आणि वाशीच्या पुलाखाली पाणी पुरते चढण्याची वेळ एकच असते काय? मोठ्यांना बरोबर घेऊन, सुरक्षित जागी उभे राहून घड्याळ लावणे, हेच त्याचे उत्तर. व्हिडिओ चंद्राचे आकर्षण दाखवतो, आणि तेही आवश्यक आहे. पण आडाख्याची परीक्षा घेण्याचे काम तो मुलांच्या हाती देत नाही.

असा पाठ उभा करायला शिक्षकाला एक्सेलच्या चारपाच क्रिया पुरतात. खरी गरज असते ती विषयाच्या समजेची, आणि मुलांच्या अनपेक्षित प्रश्नाला ''पाहू या'' म्हणण्याच्या आत्मविश्वासाची. तो आत्मविश्वास कळा दाबण्याच्या सरावातून येत नाही.

हे आपल्या देशात कोणाला सुचलेच नव्हते असेही नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात इस्रोने नासाच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत 'साइट' हा दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्याच काळात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. दूरचित्रवाणीच्या जोडीला नभोवाणी, छापील साहित्य आणि हाताने करायचे प्रयोग होते. संच कसा चालवायचा हा त्या प्रशिक्षणाचा विषय नव्हता. विषय विज्ञान होता आणि संच त्याचे साधन होता.

आज साधने कितीतरी पुढे गेली आहेत. २०१७ साली 'दीक्षा' हे व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, २०१९ साली सुरू झालेले 'निष्ठा' प्रशिक्षण २०२० मध्ये दीक्षावरही उपलब्ध झाले. परंतु पडद्यावर पुढे सरकत जाऊन शेवटी प्रमाणपत्र हाती येणे, ही शिकण्याची खूण नव्हे. प्रमाणपत्रे मोजता येतात म्हणून आपण ती मोजतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला ५० तासांची अपेक्षा ठेवली आहे. आमची सूचना साधी आहे. त्यांतले थोडेच तास यंत्राला द्यावेत. उरलेल्या तासांत एकाच विषयाचे शिक्षक एकत्र बसवावेत. त्यांनी एक पाठ आखावा, आपल्याच वर्गात घ्यावा, आणि महिन्याभराने पुन्हा भेटून काय फसले ते एकमेकांना सांगावे. प्रशिक्षण संपताना शिक्षकाच्या हाती प्रमाणपत्राबरोबर असा एक तपासलेला पाठ असला पाहिजे.

त्या बाईंच्या प्रश्नाला मग एका वाक्यात उत्तर देण्याची पाळी कोणावर येणार नाही. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर महिनाभराच्या भरतीचा आलेख लावलेला असेल.