नाव समुद्राचे, पोळी नवरीची

ग्रंथाची परीक्षा करताना टीकाकार प्रथम त्याच्या नावाकडे पाहतो आणि नावाने दिलेले वचन आतल्या पानांनी पाळले आहे की नाही, ते तपासतो. पाककृतीलाही हाच न्याय लावण्यास हरकत नसावी. पदार्थाचे नाव हा एक प्रकारचा करारच होय. करणारा वचन देतो आणि खाणारा त्यावर विसंबून पहिला घास घेतो. अलीकडे उपाहारगृहांच्या मेनूकार्डांवर आणि पाककृतींच्या पुस्तकांत ‘झटपट भूमध्यसागरी शाकाहारी रॅप’ या नावाचा जो पदार्थ दुपारच्या जेवणासाठी सुचविला जातो, त्याची परीक्षा आम्ही या दृष्टीने करू इच्छितो.

पदार्थ असा : मैद्याची एक पातळ पोळी घ्यावी. तीवर डब्यातल्या काबुली चण्यांचे हुमुस फासावे. काकडी, टोमॅटो, कांदा आणि ऑलिव्ह यांच्या चकत्या मांडाव्या, वरून फेटा नावाचे खारट चीज कुस्करावे आणि सारे गुंडाळून द्यावे. दहा मिनिटांचे काम. याची चव वाईट असते, असे आम्ही म्हणत नाही. भुकेच्या वेळी ती गोडच लागते. आमचा वाद आहे तो नावातील चार शब्दांशी.

शेवटच्या शब्दापासून आरंभ करू. ‘रॅप’ म्हणजे गुंडाळी. पण गुंडाळण्यासाठी घेतलेली ही मैद्याची पोळी भूमध्यसागराची नसून मेक्सिकोची आहे. तिचे नाव टॉर्टिया. तिच्यात भात, घेवड्याचे दाणे इत्यादी भरले की बरिटो होतो. हा बरिटो सँडविच ठरतो काय, या प्रश्नावर अमेरिकेत खटला झाला आहे. एका दुकान-संकुलाच्या भाडेकरारात दुसऱ्या सँडविचवाल्यास जागा न देण्याचे कलम होते. २००६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथील न्यायालयाने शब्दकोश पाहून असा निर्णय दिला की, सँडविचला पावाचे दोन काप लागतात, बरिटोला एकच पोळी. सबब बरिटो हे सँडविच नव्हे. उलट २०२४ साली इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथील न्यायाधीशांनी टाको व बरिटो ही मेक्सिकन पद्धतीची सँडविचेच होत, असे ठरविले. वाचकांस हे हास्यास्पद वाटेल. आम्हांस मात्र त्यात एक गंभीर तत्त्व दिसते : अन्नाच्या नावावर माणसे व्यवहार करतात, आणि नाव सैल असले की तंटा उभा राहतो.

आता ‘भूमध्यसागरी’ या शब्दाकडे वळू. समुद्र स्वयंपाक करीत नाही. त्याच्या काठची माणसे करतात. एलिझाबेथ डेव्हिड यांचे भूमध्यसागरी अन्नावरील इंग्रजी पुस्तक १९५० साली निघाले, तेव्हा ब्रिटनमधील युद्धकालीन रेशनिंग अद्याप संपले नव्हते. त्या वाचकांना या समुद्राच्या नावात ऊन, लिंबू आणि तेल यांचा सुगंध आला. १९७५ साली अँसेल व मार्गारेट कीज यांनी हेच नाव आरोग्याच्या उपदेशाला जोडले. म्हणजे जो शब्द प्रथम स्वप्न होता, तो पुढे औषध झाला. २०१० साली युनेस्कोने ‘भूमध्यसागरी आहार’ मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. तेव्हा त्यामागे स्पेन, ग्रीस, इटली व मोरोक्को हे चार देश होते. २०१३ साली सायप्रस, क्रोएशिया व पोर्तुगाल यांची भर पडली. पोर्तुगालचा किनारा अटलांटिक महासागराला लागतो, भूमध्यसागराला नव्हे, हे निदान गोव्यातील वाचकांस सांगावयास नको. पण ज्या लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन व इजिप्त या पूर्वकिनाऱ्यावरून हुमुस, ताहिनी आणि फलाफेल हे शब्द व पदार्थ जगभर गेले, त्यांची नावे त्या सातांत नाहीत. यात कोणाचा कट शोधण्याचे कारण नाही. जे देश अर्ज करतात, त्यांची नावे चढतात. तथापि परिणाम व्हावयाचा तो झालाच. पदार्थ अरबी भाषकांच्या घरचा आणि पाटी समुद्राची.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना ‘दक्षिणी’ या एका नावाची ओळख आहे. ते नाव खोटे नव्हते; पण कोकणातले कोण, देशावरचे कोण, कुलदैवत कोणते आणि आमटीत काय पडते, यांपैकी काहीच त्यात नव्हते. मोठे नाव पत्ता सांगते दिशेचा, घराचा नव्हे. याच्या उलट उदाहरण क्लॉडिया रोडेन यांचे. कैरोत जन्मलेल्या या लेखिकेने १९६८ साली मध्यपूर्वेच्या अन्नावर पुस्तक प्रसिद्ध केले, ते इजिप्त सोडून विखुरलेल्या कुटुंबांकडून पाककृती गोळा करीत करीत. तेथे पदार्थ घराच्या नावानिशी येतो. म्हणूनच त्या पुस्तकाला आम्ही पाककृतींचे पुस्तक म्हणण्यापेक्षा स्मृतींचे दप्तर म्हणू.

तिसरा शब्द ‘शाकाहारी’, आणि आपल्या वाचकांच्या दृष्टीने हाच सर्वांत नाजूक. नैवेद्याच्या ताटात काय पडले आहे, हे विचारण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी फेटा चीजविषयीही तो प्रश्न विचारला पाहिजे. ग्रीसमधील परंपरागत फेटा मेंढीच्या दुधाचा, फार तर त्यात शेकडा ३० पर्यंत शेळीचे दूध. हे दूध गोठविण्यासाठी वासरू, कोकरू अथवा करडू यांच्या जठरातून काढलेले रेनेट वापरण्याचा परिपाठ आहे. तेव्हा या रॅपला शाकाहारी म्हणणे युरोपात कदाचित खपेल. आपल्या अर्थाने ते खपणार नाही. वनस्पतिजन्य वा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे चीजही मिळते. वेष्टनावरील हिरवी खूण आणि मजकूर पाहून घ्यावा. गंमत अशी की, याच फेटाच्या नावासाठी ग्रीसने मोठा लढा दिला. युरोपीय संघाने २००२ साली ते नाव ग्रीसच्या ठराविक प्रदेशांपुरते राखून ठेवले. जर्मनी व डेन्मार्क यांनी त्यास आव्हान दिले, आणि २००५ साली युरोपीय न्यायालयाने ते फेटाळले. एका चीजच्या नावाची इतकी कदर ज्या रॅपच्या पोटात आहे, त्या रॅपला स्वतःला मात्र नाव नाही!

त्या किनाऱ्यावर निरामिष अन्न व्रतातूनही पुष्कळ वाढले आहे, हेही ध्यानात घ्यावे. ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती यांच्या पंचांगात उपवासाचे दिवस फार. कॉप्टिकांचे तर वर्षातून दोनशेहून अधिक. त्या दिवसांत मांसाबरोबर दूध आणि अंडीही वर्ज्य. अशा दिवशी चणे, वाल, तीळ आणि तेल यांवर घर चालते. आपल्या एकादशीने जसे शेंगदाणे व वरी यांना मान दिला, तसा त्यांच्या व्रतांनी कडधान्यांना दिला.

राहिला ‘झटपट’. या शब्दाचा आम्हांस तिटकारा नाही. कचेरीत जाणाऱ्यास आणि शाळेचा डबा भरणाऱ्या माउलीस त्याची गरज आहे. परंतु झटपटपणाचे दोन प्रकार आहेत. एक, टप्पा गाळणारा. फलाफेलचे चणे रात्रभर भिजवावेत आणि न शिजवता वाटावेत, जशी आपण वड्याची डाळ वाटतो. ते डब्यातल्या शिजलेल्या चण्यांचे केले की तेलात फुटते. मग सावरण्यासाठी मैदा घालतात, आणि फलाफेलऐवजी पिठाचा गोळा हाती येतो. दुसरा प्रकार, आदल्या दिवशीच्या कष्टांचे व्याज खाणारा. तो खरा.

आणि या दुसऱ्या प्रकारची गुंडाळी त्या किनाऱ्यावर फार पूर्वीपासून आहे. तिला स्वतःचे नावही आहे. लेबनॉन-सीरियाच्या घरांत मुलाच्या हाती जी गुंडाळलेली पोळी देतात, तिला ‘अरूस’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ नवरी. उपड्या घुमटाकार तव्यावर, म्हणजे ‘साज’वर भाजलेली रुमालासारखी पातळ पोळी, तीवर लबनेह, ऑलिव्हचे तेल, काकडी, पुदिना. लबनेह म्हणजे आपला चक्काच : आपण त्यात साखर घालून श्रीखंड करतो, ते मीठ घालून पोळीला लावतात. पोळी कालची, चक्का रात्री टांगलेला. सकाळी गुंडाळण्यास दोन मिनिटे पुरतात. आपल्याकडील तूप-साखर-पोळीच्या सुरळीची ही थोरली बहीणच. मुलाच्या हातातल्या घासाला नवरी म्हणणारी भाषा आणि त्याच घासावर समुद्राची चिठ्ठी चिकटविणारा बाजार, यांपैकी कोणाची बाजू घ्यावी, हे आम्हांस निराळे सांगावयास नको.

टीका करणाऱ्याने पर्यायही द्यावा, म्हणून कृती देतो. रात्री अर्धा किलो ताजे, आंबट नसलेले दही स्वच्छ पंचात बांधून टांगावे. उन्हाळ्यात शीतकपाटात, चाळणीवर ठेवावे. सकाळी चक्क्यात चवीपुरते मीठ घोटावे. कणकेची पातळ, मऊ पोळी घ्यावी. गोव्यात पोय चिरून तिच्या पोकळीत भरले तरी शोभेल. चक्का प्रथम, सर्वत्र आणि जाडसर लावावा, म्हणजे भाजीचे पाणी पोळीला लागत नाही. त्यावर काकडी, बिया काढलेला टोमॅटो, पुदिना आणि एक चमचा ऑलिव्हचे तेल. भाजलेले तीळ भुरभुरावे व घट्ट गुंडाळावे. लसूण-कांदा ज्यांना वर्ज्य, त्यांना येथे काहीच सोडावे लागत नाही. दूध वर्ज्य असल्यास हुमुस करावे : रात्री भिजवलेले चणे बोटाने चिरडतील इतके शिजवावे, आणि तिळाच्या ताहिनीत लिंबाचा रस व थंड पाणी थोडे थोडे घालून घोटावे. ती आधी आळते, मग सैल होऊन पांढुरकी होते. आळली म्हणून घाबरून तेल ओतू नये.

यात कोणत्याही देशाचा मक्ता मान्य करावा, असे आमचे म्हणणे नाही. हुमुस या अरबी शब्दाचा मूळ अर्थच चणा. आणि चण्यावर कोणाची मालकी? पण मालकी नाकारणे वेगळे आणि कूळ पुसणे वेगळे. २०२३ साली लेबनॉनची मनऊशे, म्हणजे जातर व तेल लावून भाजलेली भाकरी, युनेस्कोच्या त्याच यादीत आपल्या स्वतःच्या नावाने गेली, याचा आम्हांस म्हणूनच आनंद वाटतो.

तेव्हा आमचा अभिप्राय असा : पदार्थ उत्तम, नाव सदोष. चवीचा दोष मीठ-लिंबाने सुधारता येतो, नावाचा दोष बोलण्यानेच सुधारावा लागतो. वाचकांनी ही गुंडाळी अवश्य करावी, मुलांच्या डब्यात द्यावी, आणि मुलाने हे काय म्हणून विचारले, तर समुद्राचे नाव न सांगता नवरीचे सांगावे.