पितळेची मूठ, पोलादाची धार

लातूर म्हटले की आज शिक्षणाचा ‘पॅटर्न’ आणि डाळींची बाजारपेठ आठवते. पानसुपारीच्या शौकिनांना मात्र हे गाव अडकित्त्यासाठी ठाऊक आहे. पितळी मुठी आणि पोलादी पाते असलेला अडकित्ता मी कलाकृती म्हणून न्याहाळतो. त्याची खरी शोभा नक्षीपेक्षाही कोणता धातू कुठे बसवला, या निवडीत आहे.

आधी मूठ पाहा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त पस्तीस टक्क्यांच्या आत असले तर पितळ थंडपणीच ठोकून वाकवता येते. चाळिशीच्या घरात गेले की ते जास्त कणखर होते आणि तापवून घडवायला सोपे जाते. सुमारे 900 अंश सेल्सियसला वितळणारा त्याचा रस साच्यातल्या बारीक रेघेतही शिरतो. म्हणून मुठीवर मोराची मान डौलात वळते, पोपटाची चोच टोकदार उठते. घामाच्या हाताने पितळ गंजत नाही आणि काळवंडलेच तर चिंचेने पुन्हा उजळते. तळहाताशी ज्याचा रोजचा संबंध, तो भाग पितळेचा करणाऱ्याने हात ओळखला आहे.

पण टणक सुपारीपुढे पितळेची धार टिकणार नाही. तिथे पोलाद येते. साध्या हत्यारी पोलादात एक टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. लाल तापवून पाणी दिले की ते काचेसारखे कठीण, पण ठिसूळ होते. मग घासून उजळलेले पाते पुन्हा हलके तापवायचे. सुमारे 230 अंशांना त्यावर गवती पिवळा रंग चढतो, 300 च्या सुमारास निळा. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते. निळ्यापर्यंत गेले तर पाते चिवट होते, पण धार लवकर बोथट होते. रंग बघून नेमके थांबणे हीच या कामातली कविता.

पोलादाची ही जाण लातूरच्या आसपासच्या भागाला परकी नाही. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रममध्ये मुशीत पोलाद तयार होई. ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत, अशी नोंद भूशास्त्रज्ञ हेन्री वॉयसीच्या 1832 साली छापलेल्या टिपणात आहे.

आता बिजागरीचा खिळा. खिळा एका टोकाला, सुपारी त्याच्याजवळ आणि हात दूरच्या टोकाला. खिळ्यापासून सुपारीच्या पाचपट अंतरावर दाब दिला, तर पात्याखाली तो जवळजवळ पाचपट होतो. खिळा सैल असला तर पाते डगमगते आणि सुपारीचा चुरा होतो. घट्ट असला तर मनगट दुखते. उत्तम अडकित्ता एका हाताने उघडतो आणि मिटल्यावर पात्याच्या कडेला कुठेही फट राहत नाही. मोर कितीही देखणा असो, या कसोटीला न उतरणारा अडकित्ता मी दुय्यमच मानतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा सुंदर संग्रह आहे. तो अवश्य पाहा. पण तुमच्या घरात आजीचा अडकित्ता असेल, तर त्याला शोकेसमध्ये ठेवू नका. सुपारीतल्या टॅनिनने पाते काळे पडते, म्हणून कातरून झाल्यावर ते पुसा, खिळ्यावर तेलाचा थेंब सोडा आणि अडकित्ता वापरत राहा.