शंभर कौरव आणि टेस्टट्यूब बेबी

जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी असे प्रतिपादन केले, की कौरवांचा जन्म मूलपेशी व टेस्टट्यूब तंत्राने झाला. उद्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने हेच विचारले, तर हसण्यावारी नेऊन भागणार नाही.

आधी मूळ कथा पाहू. कुंतीला पुत्र झाल्याचे कळताच गांधारी स्वतःच्या पोटावर आघात करून घेते. दोन वर्षांच्या गर्भारपणानंतर कठीण मांसगोळा बाहेर पडतो. व्यासांच्या सांगण्यावरून त्याचे एकशे एक भाग तुपाने भरलेल्या कुंभांत ठेवले जातात. त्यांतून शंभर पुत्र आणि दुःशला जन्मतात.

टेस्टट्यूब बेबीची गोष्ट अगदी वेगळी आहे. तेथे शरीराबाहेर होते ते फक्त फलन आणि पहिल्या तीन ते पाच दिवसांची वाढ. त्यानंतर भ्रूण गर्भाशयातच सोडावा लागतो. कारण पुढे प्राणवायू व पोषण मिळते ते वारेतूनच. संपूर्ण वाढ गर्भाशयाबाहेर करून मानवी मूल जन्माला घालणे आजही कोणाला साधलेले नाही. तेव्हा या दोहोंतले साम्य वरवरचे आहे.

मग विज्ञान कशाला म्हणावे? कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातील पहिली टेस्टट्यूब बेबी जन्मली. जगातील पहिली इंग्लंडमध्ये जन्मली, त्याला जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. परंतु सरकारी चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९८६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या बालिकेला देशातील पहिलेपणाचा मान मिळाला. त्या प्रयोगामागील एक शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांच्या टिपणे व नोंदी तपासल्या, आणि १९९७ मध्ये तो मान मुखोपाध्यायांचाच असल्याचे जाहीरपणे मांडले. स्वतःचे श्रेय सोडायला लावण्याइतके बळ त्या नोंदींत होते.

कौरवजन्माची अशी एकही नोंद नाही, आणि कथेला तिची गरजही नाही. ती सांगते मत्सराविषयी, अपत्याच्या ओढीविषयी. तिला प्रयोगशाळेचा दाखला जोडला, की कथेचा अर्थ हरवतो आणि खऱ्या संशोधकाचे कष्ट झाकले जातात. श्रद्धा व विज्ञान यांचा मेळ घालण्याची ही रीत दोघांवरही अन्याय करते.

म्हणून विद्यार्थ्याला उत्तर देण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत : याची नोंद कोठे आहे? आणि ती पाहून दुसऱ्याला हे पुन्हा करता येईल का?